वर्गणीची वही

आमच्या गावच्या देवळाला सभामंडप आहे असे म्हटले तर ते खोटे ठरावयाचे नाही, आणि नाही म्हटले तरी खोटे ठरावयाचे नाही. जोते आहे, जोत्यावर बारा दगडी खांब उभे आहेत, आणि त्या खांबांच्या माथ्यावर आकाश आहे. मी लहान असताना या खांबांभोवती आम्ही पोरे शिवाशिवी खेळत असू. दुपारी तेथे शेळ्या बसत. पावसाळ्यात जोत्याच्या सांधीतून गवत वर येई आणि दिवाळीच्या आधी गावातल्या बायका ते उपटून तेथे सडा-रांगोळी करीत. मंडप अर्धा का राहिला, असे वडिलांना विचारले की ते एवढेच म्हणत, "पैसा संपला."

पैसा संपला म्हणजे कोठे गेला, हे चारचौघांत कोणी कधी विचारले नाही. पण मनातल्या मनात साऱ्या गावाने निकाल देऊन टाकला होता. त्या वेळच्या खजिनदारांचे नाव निघाले की बोलणारा थोडा थांबे, डोळे बारीक करी, आणि ऐकणारा हसे. त्यांना कोणी हिशेब मागितला नाही. त्यामुळे त्यांना तो देताही आला नाही. पुढे ते वारले. त्यांच्या घराला मात्र 'मंडपवाल्यांचे घर' हे नाव चिकटले ते कायमचे. हे नाव कौतुकाचे नाही, हे परगावच्या माणसालाही दोन दिवसांत कळे.

यंदा गावाने पुन्हा उचल खाल्ली. ग्रामसभेनंतर म्हातारी मंडळी देवळाच्या पायरीवर बसली आणि मला बोलावून म्हणाली, "गुरुजी, वही तुम्ही धरा. तुमचे अक्षर चांगले आहे." अक्षर चांगले असणे हा गुन्हा असू शकतो, हे मला त्या दिवशी कळले. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. शाळेत चौथीच्या मुलांना गणित शिकवितो, आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहितो. त्यात लाखो रुपयांचे व्यवहार होतात, पण ते सगळे काल्पनिक. खऱ्या पैशाच्या वहीला हात लावावयाचा, आणि तोही त्या बारा खांबांच्या साक्षीने, या विचाराने मला झोप येईना. "विचार करून सांगतो," म्हटले, आणि मुंबई गाठली. नव्या कादंबरीची मुद्रिते तपासावयाची होती, हे निमित्त बरे सापडले.

श्रावणाचे दिवस होते. फोर्टात हॉर्निमन सर्कलपाशी पावसाने मला गाठले. माझी छत्री मास्तराची. म्हणजे तीन काड्या मोडलेली. समोर एक जुने, पांढऱ्या भिंतींचे, घड्याळाचा मनोरा असलेले चर्च दिसले. दाराशी उभा राहून अंग चोरू लागलो, तोच आतून एक वयस्कर सेवेकरी म्हणाला, "आत या की साहेब. पाऊस उघडला की जा." मी वहाणा कोठे काढाव्यात म्हणून पाहू लागलो. तो हसला. म्हणाला, "राहू द्या. नुसत्या पुसा."

असा मी सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये शिरलो. बाहेर पडलो तेव्हा पाऊस केव्हाच थांबला होता. पुढचे काही महिने मी शाळेच्या आणि तालुक्याच्या ग्रंथालयातून, मित्रांच्या कपाटांतून या इमारतीचीच हकीकत गोळा करीत होतो. मी काही इतिहाससंशोधक नव्हे. पण ही हकीकत वाचताना मला वारंवार वाटत राहिले, की ही आमच्याच देवळाची गोष्ट आहे. फक्त माणसे टोपीवाली आहेत.

वाचकहो, 'चर्चगेट' हा शब्द आपण किती वेळा उच्चारतो! लाखो माणसे रोज त्या स्टेशनावर उतरतात. पण कोणते चर्च आणि कोठले गेट, हे विचारायला कोणाला सवड असते? जुन्या मुंबईच्या किल्ल्याला तीन दरवाजे होते: अपोलो गेट, बाजार गेट आणि चर्च गेट. यातल्या तिसऱ्यातून सरळ आत गेले की हे चर्च लागे, म्हणून त्या दरवाजाला ते नाव पडले. १८६० नंतरच्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याचे तट पाडण्यात आले. दरवाजा गेला, नाव उरले. आणि १८७० साली उघडलेल्या स्टेशनाने ते आजपर्यंत सांभाळले. ज्या चर्चमुळे हे नाव आले, ते चर्च बांधून पुरे होण्यास मात्र चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला, आणि त्याचे कारण एका वाक्यात सांगावयाचे तर 'पैसा संपला' हेच होते.

१६६१ साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या विवाहाचा तह झाला आणि त्यात मुंबई आंदण म्हणून इंग्रजांकडे आली. राजाला या बेटांचे काय करावे ते उमगेना. १६६८ साली त्याने वर्षाला दहा पौंड भाड्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. आज मुंबईत दहा पौंडांत वर्षभर काय मिळेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

१६६९ पासून या मुंबईचा कारभार जेराल्ड ऑंजियर या माणसाच्या हाती आला. शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्यांच्या वेळी हा सुरतेच्या वखारीत होता. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील म्हणून हेन्री ऑक्झेंडन आला, तो याच्याच काळात. दलदलीच्या, तापाच्या त्या बेटावर मोठे शहर वसेल, असे स्वप्न ऑंजियरने पाहिले. व्यापाऱ्यांना त्याने बोलावून घेतले, ज्याला त्याला आपापल्या धर्माने वागण्याची हमी दिली, न्यायकचेरी सुरू केली. आणि आपल्या लोकांसाठी एक चर्च असावे, असेही त्याने ठरविले. तोवर इंग्रजांची उपासना किल्ल्यातल्या खोल्यांतच चाले.

ऑंजियरने वर्गणी गोळा केली. १६७५ साली त्याने स्वतः चर्चला चांदीचा एक पेला अर्पण केला. चर्च अजून व्हावयाचे होते. पेला आधी आला. आमच्याकडेही असेच होते. मंडपाचा पत्ता नसतो, पण कोणीतरी घंटा आणून ठेवतो. १६७६ च्या सुमारास पाया घातला गेला. भिंती वर येऊ लागल्या. आणि १६७७ च्या जून महिन्यात ऑंजियर सुरतेस वारला.

भिंती पंधरा फुटांच्या आसपास आल्या होत्या. तेथेच त्या थांबल्या.

पैशाचे काय झाले? अलेक्झांडर हॅमिल्टन नावाचा एक दर्यावर्दी व्यापारी त्या काळात या किनाऱ्यावर वावरत होता. त्याने १७२७ साली आपल्या प्रवासांचे पुस्तक छापले. त्यात तो उघड आरोप करतो की चर्चसाठी जमलेले सुमारे पाच हजार पौंड सर जॉन चाइल्ड याने आपल्या घशात घातले. हा चाइल्ड १६८२ पासून कंपनीच्या पश्चिम किनाऱ्यावरील कारभाराचा मुख्य होता. त्याने औरंगजेबाशी वैर ओढवून घेतले, त्यापायी १६८९ साली जंजिऱ्याचा सिद्दी मुंबईत उतरला, आणि वेढा उठण्याआधीच, १६९० च्या फेब्रुवारीत, चाइल्ड मरण पावला. हॅमिल्टनचा चाइल्डवर मनस्वी राग होता, हेही लक्षात ठेवले पाहिजे. रागावलेल्या माणसाची साक्ष खोटीच असते असे नाही, पण ती तोलून घ्यावी लागते. चाइल्डला कोणी हिशेब मागितला नाही, न्यायासनापुढे उभे केले नाही. पंधरा फुटी भिंती मात्र मुंबईच्या मैदानाच्या कडेला तशाच उभ्या राहिल्या.

मला या ठिकाणी पुस्तक मिटावे लागले. माझ्या डोळ्यांपुढे आमचे बारा खांब आले. अर्धवट राहिलेली इमारत ही पडलेल्या इमारतीपेक्षा वाईट. पडलेल्या इमारतीकडे पाहून माणसे म्हणतात, येथे काहीतरी होते. अर्धवट इमारतीकडे पाहून म्हणतात, येथे कोणीतरी खाल्ले. गेलेला पैसा पुन्हा जमविता येतो. पण गेलेला विश्वास वर्गणीने जमत नाही. म्हणूनच त्या भिंतींना पुढे अडतीस वर्षे कोणी हात लावला नसावा.

१७१४ साली रिचर्ड कॉब नावाचा धर्मोपदेशक कंपनीच्या चाकरीत मुंबईस आला. नवीन माणसाला जुन्या गोष्टीची लाज वाटते, आणि जुन्या माणसांना तिची सवय झालेली असते. कॉबला त्या भिंती पाहवेनात. १७१५ साली त्याने किल्ल्यातल्या प्रार्थनेच्या वेळी देवाच्या घराविषयी एक खणखणीत प्रवचन केले. समोर गव्हर्नर विल्यम एस्लाबी बसला होता. कॉबनेच पुढे लिहून ठेवलेल्या हकीकतीप्रमाणे, प्रवचन संपल्यावर गव्हर्नराने त्याला जरा चिडवलेच, की आज चर्चचा फारच कैवार घेतलात. कॉबने अदबीने उत्तर दिले की तशी गरजच होती. त्यावर गव्हर्नर म्हणाला की चर्च पाहिजेच असेल तर होऊन जाऊ द्या. एक वही करा, कोण काय देतो ते पाहा, आणि पहिला आकडा माझा घाला.

वही करा! माझे मन तेथेच अडकले. लंडनच्या साहेबाला आणि आमच्या गावच्या म्हाताऱ्यांना एकच गोष्ट सुचली. पैशाआधी वही. आणि वहीत पहिला आकडा मोठ्या माणसाचा. कारण मागाहून येणारा प्रत्येक जण त्या आकड्याकडे पाहून आपला आकडा ठरवितो. ही युक्ती ज्याने कधी गणपतीची वर्गणी मागितली आहे, त्याला शिकवावी लागत नाही.

कॉबची वही मुंबईत घरोघर फिरली. दूरदूरच्या वखारींना पत्रे गेली. कंपनीनेही आपला वाटा उचलला. या वहीतल्या काही नोंदी फार गमतीच्या आहेत. एका अविवाहित गृहस्थाने आपल्या पत्नीच्या नावाने वर्गणी घातली आणि पुढे लिहिले, पत्नी मिळेल तेव्हाची! एका नोंदीत देहदंडाच्या प्रायश्चित्ताऐवजी भरलेली रक्कम जमा आहे. म्हणजे कोणाची तरी पाठ वाचली आणि चर्चच्या भिंतीत दोन दगड वाढले. हसू येते, पण थोडे थांबले की त्या नोंदींचे मोलही कळते. कोणी दिले, किती दिले, कशासाठी दिले, हे लिहिले गेले होते. चाळीस वर्षांपूर्वीच्या पैशाची जी गोष्ट नाहीशी झाली होती, ती या वेळी शाईने धरून ठेवली होती. कॉबने म्हातारपणी, १७६६ साली, या साऱ्या बांधकामाची हकीकत छापून प्रसिद्धही केली. वहीवाला माणूस असा असावा. काम संपल्यावर पन्नास वर्षांनीही हिशेब देण्यास तयार.

त्याच १७१५ साली, मुंबईच्या दुसऱ्या टोकाला, आणखी एक बांधकाम चालले होते. वाळकेश्वराचे प्राचीन देऊळ पोर्तुगीज काळात उद्ध्वस्त झाले होते. बाणगंगेच्या काठी त्याचा जीर्णोद्धार केला रामा कामती या शेणवी व्यापाऱ्याने. हा रामा कामती त्या काळच्या मुंबईतला मोठा माणूस. कंपनीशी त्याचा व्यापार होता, दरबारी वजन होते, आणि कंपनीच्या भंडारी शिपायांवरही त्याचा अधिकार चाले. एका बाजूस कॉब आपल्या देवासाठी वही घेऊन हिंडतो आहे. दुसऱ्या बाजूस कामती आपल्या देवासाठी आपलीच थैली मोकळी करतो आहे. ही दोन माणसे एकदा एका छपराखाली आली, त्या दिवसाची गोष्ट सांगावयाची आहे.

एस्लाबीनंतर चार्ल्स बून गव्हर्नर झाला. त्याने मुंबईचा तट पुरा केला, लढाऊ गलबते बांधली आणि सरखेल कान्होजी आंग्र्यांशी वैर मांडले. १७१७ साली विजयदुर्गावर हल्ला केला, तो फसला. १७१८ च्या नोव्हेंबरात तो मोठ्या तयारीने खांदेरीवर चालून गेला, तोही फसला. साहेब मान खाली घालून परतले. त्यानंतर काही आठवड्यांनीच, २५ डिसेंबर १७१८ रोजी, नाताळच्या दिवशी, चर्चचे दार उघडले.

दिवस थाटाचा होता. गव्हर्नर बून लवाजम्यासह आला. कॉबने उपासना चालविली, एका बालकाचा बाप्तिस्मा झाला. आणि कॉबने नमूद करून ठेवले आहे की रामा कामती आपल्या साऱ्या जातभाईंसह आला होता. त्या उपासनेतील शिस्त आणि गांभीर्य पाहून ही मंडळी इतकी प्रसन्न झाली की शेवटपर्यंत उभी राहिली.

मी त्या दृश्यापाशी पुष्कळ वेळ थांबलो. पागोटी घातलेली, अंगरखे ल्यालेली शेणवी मंडळी परक्या देवाच्या दारी उभी आहेत. शब्द कळत नाहीत. पाय दुखत असतील. पण दुसऱ्याची पूजा चालली आहे, मध्ये उठून जाऊ नये, एवढे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. ज्याने स्वतः देऊळ बांधले आहे, त्याला दुसऱ्याचे देऊळ उभे राहिलेले पाहून आनंद होतो. बांधणाऱ्यांची अशी एक वेगळीच जात असते.

या दृश्यावर पडदा पाडता आला असता तर किती बरे झाले असते! पण मी लिहितो आहे तो इतिहास, कादंबरी नव्हे.

पंधरा-सोळा महिन्यांनी, १७२० साली, त्याच गव्हर्नर बूनने रामा कामतीला पकडले. आरोप असा की तो कान्होजी आंग्र्यांना सामील आहे; खांदेरीच्या मोहिमेची बातमी त्यानेच फोडली. खांदेरी का हुकली, याचे उत्तर कोणावर तरी ढकलावयाचे होते. आंग्र्यांना लिहिलेले म्हणून एक पत्र पुढे आले. साक्षी उभ्या झाल्या. त्यांत छळ करून वदविलेलीही साक्ष होती. न्याय देण्यास बसला खुद्द बून. रामा कामती दोषी ठरला. त्याची मालमत्ता जप्त झाली. तुरुंगातच, १७२८ साली, त्याने देह ठेवला. तोवर बून मुंबई सोडून गेल्यास सहा वर्षे झाली होती. पुढच्या काळातील इतिहासकारांनी तो पुरावा बनावट ठरविला. पण तोपर्यंत कामतीच्या घराचे व्हावयाचे ते होऊन गेले होते.

येथे मराठी मनाला एक गंमत सुचते. कामतीने खरोखरच आंग्र्यांना पत्र लिहिले असते तर आपण आज त्याला देशभक्त म्हटले असते! ज्या किल्ल्यात इंग्रज राहत, तेथे आज भारतीय नौदलाचे ठाणे आहे आणि १९५१ पासून त्याचे नाव 'आंग्रे' आहे. काळ असा सूड उगवतो. पण बिचाऱ्या कामतीच्या वाट्याला इकडचा मान आला नाही आणि तिकडचाही नाही. न केलेल्या गोष्टीसाठी तो मेला.

आता दोन माणसे शेजारी ठेवून पाहा. जॉन चाइल्डवर देवाचा पैसा खाल्ल्याचा आरोप. त्याला कोणी एक प्रश्न विचारला नाही. रामा कामतीने देवासाठी पैसा ओतला. त्याला खोट्या कागदावर तुरुंगात घातले. एकाची चौकशीच झाली नाही, दुसऱ्याची झाली ती नसती तर बरी. दोन्ही ठिकाणी नसलेली वस्तू एकच: खरा, उघडा, चारचौघांनी तपासलेला कागद.

चर्चची पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १८३७ साली मुंबईला पहिले बिशप मिळाले, टॉमस कार. आणि हे चर्च कॅथेड्रल झाले. पुढच्या वर्षी पश्चिमेचा घड्याळाचा मनोरा उभा राहिला. मग अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६१ ते १८६५ या चार वर्षांत या शहराने एवढा पैसा पाहिला की त्याचे डोके फिरले. त्या भरात कॅथेड्रलही मोठे आणि भव्य करावयाचे ठरले. वेदीकडचा भाग नव्या घडणीने बांधून झाला. इतक्यात अमेरिकेतले युद्ध संपले, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. बाकीचा बेत कागदावर राहिला. पुन्हा एकदा पैसा संपला! पण या वेळी उघड्यावर भिंती राहिल्या नाहीत. जुने तसेच ठेवून नवे त्याला जोडलेले होते, म्हणून इमारत अपुरी दिसली नाही. यातही आमच्यासारख्यांनी घेण्यासारखा धडा आहे. देवळे बांधताना पैसा केव्हा संपेल हे सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक टप्पा असा बांधावा की तेथे थांबावे लागले तरी छप्पर डोक्यावर असेल.

दाराशी एक सुंदर कारंजे आहे. त्याचा आराखडा इंग्लंडचे नामांकित वास्तुशिल्पी सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, आणि पैसा दिला कावसजी जहांगीर या पारशी दात्याने. अग्निपूजकाने ख्रिस्ती देवाच्या दारी पाणी आणून ठेवले! या शहरातील देवळे, मशिदी, अग्याऱ्या आणि चर्चे यांच्या वह्या जर कोणी एकत्र चाळल्या, तर कोणाच्या देवाला कोणाचा पैसा लागला, याचा उलगडा करता करता त्याची मती गुंग होईल. आणि जुन्या मुंबईचे मैल मोजले जात तेही याच चर्चपासून. त्या मैलांचे काही दगड अजून रस्त्याच्या कडेला उभे आहेत. ज्या इमारतीला स्वतः पुरे होण्यास बेचाळीस वर्षे लागली, तिच्यापासून सारे शहर आपले अंतर मोजू लागले.

अलीकडच्या काळात या चर्चची मोठी दुरुस्ती झाली आणि २००४ साली युनेस्कोने वारसा जपल्याबद्दल तिचा पुरस्कार देऊन गौरव केला. आत भिंतींवर संगमरवराची स्मारके आहेत. गव्हर्नर जोनाथन डंकन यांचे स्मारक मी पुष्कळ वेळ पाहिले. बालहत्या थांबविण्यासाठी झटलेला हा माणूस १८११ साली मुंबईत वारला. सेनानींची आहेत, खलाशांची आहेत, तरुणपणी वारलेल्या बायकांची आहेत. मी पुन्हा एकदा मुद्दाम गेलो तो रामा कामतीसाठी. दाराशी उभा राहिलेल्या त्या माणसाचे नाव कोठे कोरले आहे का, म्हणून भिंत न् भिंत पाहिली. मला दिसले नाही. तोच सेवेकरी पुन्हा भेटला. मी त्याला कामतीची गोष्ट सांगितली. तो ऐकून घेऊन म्हणाला, "मग साहेब, ती जागा दाखवा, जिथे तो उभा होता." मला दाखविता येईना. आम्ही दोघेही दाराच्या आत, एका बाजूस, थोडा वेळ उभे राहिलो. बहुधा तेथेच कोठेतरी.

गावी परत आलो आणि वही घेतली. पहिल्या दिवशी पहिल्या पानावर मी कोणाचाच आकडा घातला नाही. मंडळींना म्हटले, "आधी जुनी वही आणा." सगळे एकमेकांकडे पाहू लागले. इतक्या वर्षांत ती कोणी पाहिलीच नव्हती. ज्याच्यावर गावाने निकाल दिला, त्याचा कागद गावाने वाचलाच नव्हता! शोधता शोधता ती मंडपवाल्यांच्याच घरी निघाली. खजिनदारांच्या मुलाने ती फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्याखाली ठेवली होती. त्याचेही केस आता पिकले आहेत. तो म्हणाला, "गुरुजी, बापानं मरताना सांगितलं, कोणी मागितली तरच द्यायची. कोणी मागितलीच नाही."

चार रात्री मी ती वही वाचली. वाळवीने तिसरा हिस्सा खाल्ला आहे. उरलेल्या पानांत दगडाचे पैसे आहेत, गवंड्यांची मजुरी आहे, चुन्याचे भाडे आहे. काही ठिकाणी बेरीज चुकली आहे. पण ती जमेकडेही चुकली आहे आणि खर्चाकडेही. पैसा खाणारा माणूस दोन्हीकडे चुकत नाही. शेवटच्या पानांवर खजिनदारांच्या स्वतःच्या नावे तीन वेळा रक्कम जमा आहे. मधली पाने नाहीत, म्हणून ते निर्दोष होते असे शपथेवर मी सांगू शकत नाही. पण दोषी होते, असे म्हणण्यास उभ्या वहीत आधार नाही, हे मी देवळाच्या पायरीवर उभा राहून, पाने उघडी धरून, साऱ्या गावाला सांगितले. कोणी काही बोलले नाही. एक म्हातारे गृहस्थ तेवढे उठून गेले. ते का गेले, हे मला ठाऊक आहे. वाचकांनी तर्क करावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा सुटल्यावर खजिनदारांचा मुलगा आला. हातात पाचशेच्या दोन नोटा होत्या. हल्ली वर्गणी फोनवरूनही क्षणात येते, पण त्याने ती हाताने आणली. म्हणाला, "आमची वर्गणी घ्याल का गुरुजी?" त्या 'घ्याल का' मध्ये तीस वर्षे होती. मी वही उघडली. पहिले पान अजून कोरेच होते. सरपंचांचा आकडा तेथे घालावा, असे ठरले होते. मोठ्या माणसाचा आकडा पहिला, ही एस्लाबीची युक्ती मला पटलेलीही होती. पण मी विचारले, "नाव कोणाचे लिहू? तुझे, की वडिलांचे?"

तो बराच वेळ बारा खांबांकडे पाहत उभा राहिला. मग म्हणाला, "बापाचं लिहा."

मी लिहिले. अक्षर चांगले आले.